उत्तर तीराचे नरहरगुरुजी

संकल्प सांगताना इतर गुरुजी ज्या ठिकाणी एका दमात पुढे निघून जातात, तिथे आमचे नरहरगुरुजी थांबत. पूजेला बसलेल्या माणसाने आधी आपण कुठे बसलो आहोत हे देवाला सांगायचे असते. हैदराबादचे बाकीचे भटजी ‘कृष्णागोदावर्योर्मध्यदेशे’ म्हणून मोकळे होतात. दोन थोरल्या नद्यांच्या मध्ये कुठेतरी, एवढ्यावर देवाचे भागते. गुरुजी मात्र डोळे मिटून सावकाश म्हणत, ‘मुचकुंदायाः उत्तरे तीरे.’ मुचकुंदा म्हणजे शहराच्या मधून वाहणारी आमची मुसी नदी. तिचे हे जुने नाव बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात मी फक्त त्यांच्याच तोंडून ऐकले. पूल ओलांडून दिलसुखनगरला पूजा असली, की ते न चुकता ‘दक्षिणे तीरे’ म्हणत.

माणूस तसा सरळ नव्हता. तासभर उशिरा उगवणार, आल्या आल्या चहाला नावे ठेवणार, आणि पूजेची मांडामांड पाहून घरच्या बायकांची सर्वांदेखत हजेरी घेणार. मी जन्मभर वकिली केली, पण या माणसापुढे माझे काही चालले नाही. आमची सून पुण्याची, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. तिच्या पहिल्याच सत्यनारायणाला तिने विचारले, “गुरुजी, मुचकुंदा म्हणजे ती मुसीच ना? तो नाला? मी तर रोज गाडीच्या काचा वर करून जाते तिथून.”

“हौ, तीच,” गुरुजी म्हणाले. “बेटी, तुझ्या आजेसासऱ्यांचे वडील त्या नाल्याचं पाणी पिऊन हायकोर्टात उभे राहत होते. नाला आपण केला. ती नदीच आहे.”

या हट्टापायी त्यांचे यजमान तुटले. दिलसुखनगरात एका तेलुगू यजमानाने कोचिंग क्लास काढला होता, त्याच्या वास्तुशांतीत तो म्हणाला, “शुभकार्यात नाल्याचं नाव नको, पंतुलुगारू.” गुरुजींनी पळीपंचपात्र पिशवीत भरले आणि कलशावर नारळ ठेवायच्या आधीच ते उठून आले. मी म्हटले, “अहो, एका नावासाठी?” तर म्हणाले, “ज्या गावात बसून देवाला पत्ता खोटा द्यायचा, तिथं देव येईल कशाला, वकीलसाहेब?”

मुसीच्या सुधारणेच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतच असतात. चित्रात निळे पाणी, होड्या, काठाने फिरणारी माणसे. आधी मी त्या उत्साहाने वाचून दाखवत असे. गुरुजी ऐकून घेत आणि म्हणत, “मुंजीपासून ऐकतोय. सुधारतात कुणाला? बिघडलेल्याला. ती कुठं बिघडली होती?” पुढे पुढे मीही वाचून दाखवणे सोडले. आम्ही दोघेही त्या चित्रांना कंटाळलो होतो.

त्यांचे बिऱ्हाड गौलीगुड्यात, नदीच्या अंगाच्या एका गल्लीत. मागची खिडकी गुरुजी उघडत आणि त्यांच्या पत्नी सुमनवहिनी बंद करत. संसारभर हेच चालले. वहिनी हसून सांगत, “मुचकुंदा यांची, डास माझे.” पावसाळ्यात वरच्या तलावांचे दरवाजे उघडले की गल्लीत पाणी शिरे. मग वहिनी पोथ्या माळ्यावर चढवत आणि गुरुजी दारात उभे राहून पाण्याला नमस्कार करत. “नमस्कार नंतर करा, आधी गादी उचला,” हे मी स्वतः ऐकले आहे.

त्याच वहिनींनी शेवटच्या आजारात गुरुजींचा हात धरून सांगितले, “मला गोदावरीवर, बासरला-बिसरला नेऊ नका. जन्मभर हिचं नाव घेतलंत, मला हिच्यातच सोडा. शेवटी कृष्णेलाच मिळते ना?” मी तिथे बसलो होतो. गुरुजींनी ‘हौ’ म्हणून मान हलवली.

मूलबाळ नव्हते. अस्थी घेऊन आम्ही दोघेच सकाळी पुलापाशी गेलो. पायऱ्या खाली उतरत होत्या, त्यांवर चिंध्या, बाटल्या, कुणीतरी आणून टाकलेली फाटकी गादी. पाणी काळे होते आणि त्यावर साबणासारखा फेस तरंगत होता. गुरुजी लाल फडक्यात बांधलेला कलश छातीशी धरून शेवटच्या पायरीपर्यंत गेले. फडक्याची गाठ त्यांनी सोडली. मग तसेच उभे राहिले. वास मला वरपर्यंत येत होता. बराच वेळ गेला, तरी त्यांचा हात काही पुढे होईना. मला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

मग त्यांनी गाठ पुन्हा बांधली, वर आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, गाडीत पेट्रोल आहे का? बासरला जाऊ.”

बासरला गोदावरी दुथडी भरून वाहत होती. तिथल्या भटजींनी मंत्र म्हटले, गुरुजींनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कलश उपडा केला आणि लहान मुलासारखे रडले. बायकोसाठी रडले, हे उघडच होते. पण दिलेला शब्द मोडला म्हणूनही रडले, आणि ते दुःख मला अधिक जड वाटले.

पुढे श्रावणात आमच्याकडे पूजा होती. गुरुजी वेळेवर आले. चहा मुकाट्याने प्याले. संकल्प सुरू झाला. ‘कृष्णागोदावर्योर्मध्यदेशे’ असे म्हणून ते एका दमात पुढे गेले. मी मान खाली घातली. सुनेला मात्र राहवले नाही.

“गुरुजी, मुचकुंदा राहिली.”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. रागावले नाहीत.

“राहू दे, बेटी. जिच्या पाण्यात सुमनला सोडायला माझा हात धजला नाही, तिचं नाव आता कुठल्या तोंडानं घेऊ?”