भरल्या गाडीचा मान

येडशीच्या पुढं चौपदरी रस्त्यावर मागची मोटार सारखी दिवे मारत होती, हॉर्न कोकलत होता. माझंही डोकं फिरलं; सरकायचंच नाही, असं ठरवलं. एवढ्यात डाव्या बाजूला उसाचा ट्रक लागला आणि त्या हिरव्या, गोडसर वासानं मला परंड्याच्या जुन्या रस्त्यावर नेलं.

तेव्हा डांबराची एकच पट्टी होती. गाड्या समोरासमोर आल्या की रिकामीनं खाली मातीत उतरायचं, भरलेलीनं वर राहायचं, हा रिवाज. आम्ही दवाखान्यातून थोरल्या चुलत्यांचा देह जीपमध्ये घालून घरी आणत होतो. समोरून उसानं लादलेला ट्रक आला. अण्णा, माझे वडील, मुकाट्यानं जीप खाली घालू लागले. ट्रकवाल्यानं वाकून आत पाहिलं.

"कोण गेलं, दादा?"

"थोरला भाऊ."

"मग तुमीच भरलेले. ऱ्हावा वर, म्या उतरतो."

ट्रक मातीत कलला, वरचे ऊस घसरून पडले. तोवर न रडलेले अण्णा स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले.

मागचा हॉर्न अजून वाजतच होता. त्या मोटारीत काय भरलंय, मला काय ठाऊक? उसाचा ट्रक मागं पडताच मी डावीकडं सरकलो.