पोरगा येऊ द्या, मंग पाहू

चामोर्शीच्या शाळेत सातवीला एक जुनी विनोदी कथा होती. मी तेव्हा चोविशीतला, नागपूरहून नुकताच शिकून आलेला मास्तर, आणि शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. कथेतला बढाईखोर गृहस्थ प्रत्येक काम एकाच वाक्यावर ढकलतो, "मामा येऊ द्या, मग बघू." भिंत पडते, म्हैस सुटून जाते, बायको माहेर गाठते, तरी आपलं मामा येऊ द्या! शेवटी मामा येतो तो फाटक्या धोतरात, भाच्याकडेच आसरा मागायला.

फळ्यावर मी तीन शब्द लिहिले. अतिशयोक्ती, पुनरुक्ती, उपरोध. आपल्याला दिसतं ते त्या गृहस्थाला दिसत नाही, म्हणून हसू येतं, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पोरं मख्ख. एकाने हात वर केला, "गुर्जी, म्हैस सापडली का नाई मंग?" माझं टाळकंच फिरलं. चार दिवसांनी तपासणीस साहेब येणार होते आणि हाच पाठ त्यांच्यापुढे घ्यायचा होता.

आमच्या शाळेचे चपराशी पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना भाऊच म्हणत. त्यांचा एकुलता एक पोरगा खाणीत काम शोधायला बल्लारपूरकडे गेला होता, त्याला तीन वर्षं झाली. पावसाआधी छपराची कौलं, म्हणजे कवेलू, फेरायचे असोत की कुंपण घालायचं असो, भाऊ मान डोलवून म्हणत, "पोरगा येऊ द्या, मंग पाहू." मला हे ठाऊक नव्हतं असं सांगून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दर महिन्याला पोराच्या जुन्या पत्त्यावरचं कार्ड ते माझ्याकडूनच लिहून घेत. उत्तर कधीच आलं नव्हतं.

साहेब आले. पाठ पुन्हा थंड पडायला लागला तसा मला घाम फुटला. मामाचं वाक्य आलं आणि मी मान तशीच डोलवून, भाऊंचाच आवाज काढून म्हटलं, "पोरगा येऊ द्या, मंग पाहू." वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या वेळी मी नुसता थांबलो आणि पोरांनीच ते वाक्य एका सुरात म्हटलं. काय ती पुनरुक्ती! साहेबसुद्धा डोळे पुसत होते.

तेवढ्यात साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन भाऊ दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना पाहिलं. पाहिलं आणि थांबलो नाही, रंगलेला पाठ मला सोडवेना. "आणि शेवटी पोरगा येतो," मी म्हणालो, "तो फाटक्या धोतरात!" सगळे हसले. साहेब हसतात म्हणून भाऊही हसले.

साहेबांनी शेरा लिहिला, अध्यापन रंजक. आग लागो त्या शेऱ्याला!

महिना संपला, पण भाऊ कार्ड घेऊन आले नाहीत. मीच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. कार्ड आणा, लिहून देतो."

"तुमचं काय चुकलं गुर्जी? गोष्ट चांगलीच होती." ते शाळेची घंटा फडक्याने पुसत राहिले. "कार्ड राहू द्या आता. लोकं हासतात."

मृगाच्या आधी एका रविवारी ते एकटेच घरावर चढलेले दिसले. खालून कवेलू द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी नको म्हटलं नाही. दुपारपर्यंत पुढची बाजू झाली. मला ते वाक्य एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. लाज गुंडाळून ठेवून मी विचारलं, "मागची बाजू कधी, भाऊ?"

त्यांनी खाली पाहिलंही नाही. कवेलूसाठी हात तेवढा पुढे केला.

"आजच करून टाकू गुर्जी. आता कोनाची वाट पाहाची?"