दसऱ्याच्या सकाळचा फूटपाथ

कानडी मुलखातल्या आमच्या जयनगरच्या रस्त्यांबद्दल मला काही विचारू नये, विचारलं तर मी संध्याकाळपर्यंत सोडत नाही, असं आमचे हे सगळ्यांना बजावून सांगतात. खोटं नाही ते. लग्न होऊन या घरात आल्यापासून समोरचा रस्ता पाण्यासाठी, गॅससाठी, केबलसाठी खणलेला मी पाहिला आहे. दर वेळी नवं डांबर पडलं की कोणाला तरी आठवतं, अरे, आपलं काहीतरी पुरायचं राहिलंच. रस्ता एकेरी झाला, मग पुन्हा दुहेरी झाला. बसथांबा झाडाखालून उचलून भर उन्हात नेला, त्याचं कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण डोक्यावरून मेट्रो पहिल्यांदा धावली, त्या दिवशी गच्चीत उभी राहून मी तोंडात बोटं घातली होती. आणि त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या उघड्या गटाराची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसातही जाऊन आले होते.

ह्यांची नजर काचबिंदूने नेली. आधी दोन्ही बाजू गेल्या, मग समोरचंही गेलं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आमचं भांड्यांचं दुकान पुतण्याच्या हाती देऊन हे घरी बसले, पण बसले म्हणजे सकाळची कॉफी सोडून. घरापासून तीन क्रॉस, म्हणजे तीन आडवे रस्ते, ओलांडून एक उभ्याने खायचं हॉटेल आहे. तिथे बँकेतून निवृत्त झालेल्या एका मित्राबरोबर रोज बाय-टू, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. नजर होती तेव्हापासूनचा हा नेम. नजर गेल्यावरही हे काठी घेऊन एकटेच जात राहिले.

मुलगा सर्जापूर रोडला राहतो. त्याच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल ठेवायला जागा नाही, पण आत भिंतीच्या कडेने चालायची सुरेख वाट केलेली आहे. तो म्हणाला, "अप्पा, एकदा जरी पडलात ना, तर मग मी काही ऐकणार नाही. सामान भरणार आणि दोघांना घेऊन जाणार." रागाने नाही म्हणाला, घाबरून म्हणाला. रात्री जेवताना हे मला म्हणाले, "तिथे मला कोणीतरी फिरवून आणेल. इथे मी जातो." त्यानंतर मीही मुलाची बाजू घेणं सोडलं.

एकटे जातात म्हणजे कसे जातात, हे पाहायला मी एकदा गुपचूप मागून गेले. आमचा जुना फूटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या दगडी लाद्या, एक वर, एक खाली. मी त्यावरून दोनदा तोंडावर आपटले आहे. हे मात्र त्यावरून असे निघाले की जणू स्वतःच्याच घरातून फिरताहेत. औषधांच्या दुकानापुढची लादी डुगडुगते, तिथे हे किंचित डावीकडे सरकले. पुढे मोठ्या झाडाच्या मुळांनी दगड वर उचललेत, तिथे काठी लागायच्या आधीच पाय उचलला. एका ठिकाणी लादीखालचं गटार पोकळ वाजतं, तो आवाज येताच थांबले, कारण तिथून क्रॉस सुरू होतो. ज्या फूटपाथच्या नावाने मी वर्षानुवर्षं खडे फोडले, तो ह्यांनी पायांनी तोंडपाठ केला होता.

आणि मग आमच्या रहिवासी संघाच्या मागणीला यश आलं. सगळा रस्ता नवा करायचा ठरला, दोन्ही बाजूंना फूटपाथ, बसायला बाक, नवे दिवे. नारळ फोडला, फोटो काढले, मीही टाळ्या वाजवल्या. काम संपायला जो वेळ लागला तो लागलाच, पण झालं ते खरोखर देखणं झालं. गुळगुळीत, सपाट, एका रेषेत. मी त्यावरून चालून पाहिलं आणि मनातल्या मनात वॉर्ड ऑफिसाला सगळं माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडले आणि पहिल्याच क्रॉसवरून परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी भलत्याच क्रॉसमध्ये वळून कोणाच्या तरी फाटकाशी उभे राहिले. त्या घरच्या मोलकरणीने आणून सोडलं. "काही कळतच नाही गं," हे म्हणाले. "सगळीकडे सारखंच लागतं. कुठे आहे ते कसं समजायचं?" आमच्या चकचकीत फूटपाथवर ह्यांच्या पायांना वाचायला काही उरलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस कॉफीचं नाव काढलं की, आज नको, उद्या बघू, असं चाललं. मुलाचा फोन आला की मी पाणी भरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायची.

अंधांसाठी म्हणून फूटपाथच्या मधोमध उठावाच्या पिवळ्या फरश्या बसवल्या होत्या. मला वाटलं, निदान त्या तरी कामी येतील. हे त्या धरून निघाले आणि सरळ विजेच्या लोखंडी डब्यावर जाऊन आदळले. पिवळी पट्टी त्या डब्याच्या पोटाशी येऊन संपत होती आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होती. मी तरातरा वॉर्ड ऑफिसात गेले. तिथली तरुण इंजिनिअर बाई चांगली होती, शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "डब्बा विजेवाल्यांचा आहे मेडम, फरशी आमची. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." थोडं जुळवून घ्या. मी इतकी चिडले होते की कानडी, मराठी, हिंदी सगळं एकदम तोंडातून निघालं. ती खजील झाली, मीही झाले, डबा मात्र जागचा हलला नाही.

हलली ती आमची दुकानांची ओळ. कसं, ते मला आधी कळलंच नाही. एके दिवशी हे स्वतःहून काठी घेऊन उठले. मी चार हात मागे राहून निघाले. औषधांचं दुकान आलं, आतून मालक म्हणाला, "नमस्कार अण्णा." पुढे कॉफी दळणाऱ्याने गिऱ्हाईक करता करता हाक दिली, "बन्नी अण्णा, बन्नी." या, या. डब्याच्या अलीकडे फुलं विकणारी अक्का बसते. ती नुसतंच म्हणाली, "अण्णा, आज शेवंती छान आलीये." हे उजवीकडे वळून डब्याला वळसा घालून पुढे गेले. मला वाटलं, योगायोग असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. कोणी हात धरला नाही, कोणी सांभाळून म्हटलं नाही. फक्त हे समोरून जाताना ज्याच्या त्याच्या दारातून एक आवाज यायचा. ह्यांनी त्या आवाजांवर पुन्हा रस्ता पाठ केला. पंधरवड्यात बाय-टू सुरू झाली आणि मीही मागे जाणं सोडलं. देवापुढे दिवा लावताना मी त्या ओळीतल्या एकेकाची आठवण काढू लागले.

मग खंडेनवमी आली. आपल्या मराठी घरांत आपण शस्त्रं-अवजारं पुजतो, इथे त्या दिवशी अख्खं शहर चाकांची पूजा करतं. बसला केळीचे खांब, रिक्षाला झेंडूच्या माळा, पाणी टाकणाऱ्या टँकरलासुद्धा गंध. वर्षभर ज्यांना शिव्या घालतो त्या वाहनांना एक दिवस हात जोडायचे, हे मला दर वर्षी नव्याने थक्क करतं. आणि शेवटी दृष्ट काढायला कोहळा. प्रत्येक दुकानापुढे, प्रत्येक गाडीपुढे कुंकू भरलेला कोहळा जमिनीवर आपटायचा. रात्रीपर्यंत रस्ताभर लाल गर, बिया, पाणी आणि चाकांखाली चिरडलेली लिंबं. डोळे शाबूत असलेले लोकसुद्धा त्यावरून घसरतात, स्कूटरवाल्यांचं तर विचारूच नका. मुलाने दुपारीच फोन केला, "आई, उद्या अप्पांना बाहेर सोडू नकोस."

मी सोडणार नव्हतेच. पण दसऱ्याच्या सकाळी हे आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे. म्हटलं, "अहो, आज एक दिवस राहू द्या. सगळीकडे कोहळे फुटलेत." म्हणाले, "आज राहिलो तर उद्याही राहीन." मी म्हटलं, मग मी बरोबर येते. "ये," म्हणाले, "पण हात धरू नकोस."

फाटक उघडलं. रस्ता लालभडक. आमच्या समोरच्या गॅरेजपुढे तर चार-पाच कोहळ्यांचा चिखल झाला होता. मी खाली पाहिलं. फूटपाथ ओला होता. ओला आणि स्वच्छ. एक माणूस चालेल एवढी पट्टी, धुतलेली, झाडलेली, आमच्या फाटकापासून निघून पुढे जात होती. पट्टीच्या दोन्ही अंगांना गर आणि कुंकू तसंच होतं. बंद शटरांना जागोजागी खराटे टेकून ठेवलेले होते. प्रत्येकाने आपापल्या दारापुरतं झाडलेलं दिसत होतं, कारण एकाचे फटकारे जिथे संपले तिथून दुसऱ्याचे वेगळ्या दिशेने सुरू झाले होते. विजेच्या डब्यापाशी पट्टी सरळ गेली नव्हती. हे जसे वळतात तशी ती वळली होती.

एक सभा नाही, एक निविदा नाही, एक अर्ज नाही. मी ह्यांच्या मागून चालत राहिले.

दुसरा क्रॉस ओलांडल्यावर हे थांबले. नाकाने श्वास घेतला, काठी डावी-उजवीकडे फिरवली. काठीचं टोक पट्टीबाहेर गेलं आणि कोहळ्याच्या गरात रुतलं. पुन्हा मध्ये आणलं, तर टणक खट.

"वास तर सगळीकडे येतोय," हे म्हणाले. "पायाखाली मात्र काहीच नाही."

"नाहीये," मी म्हटलं.

"किती लांबपर्यंत?"

मी पुढे पाहिलं. "हॉटेलच्या पायरीपर्यंत."

दुकानं बंद होती, आज हाक द्यायला कोणीच नव्हतं. मग ह्यांनी काठी माझ्या हातात दिली, वाकून पायातल्या चपला काढल्या, आणि उरलेली वाट अनवाणी चालले.