‘मे’ म्हणजे नक्की काय?

आईची ट्रंक उघडली तर डांबरगोळ्यांचा वास आला, आणि साड्यांखाली ते जुनं इंग्रजी पत्र सापडलं. हातात घेतलं आणि मी थेट कासुर्डीच्या आमच्या ओट्यावर जाऊन पोचले.

मी तेव्हा दहावीत होते. माझे वडील, आप्पा, दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे. सणसवाडीच्या एका कारखान्यातून त्यांना हे पत्र आलं होतं, आणि घरात इंग्रजी शिकलेली मी एकटीच.

सहा महिने तात्पुरतं काम, आणि पुढं लिहिलेलं, ‘मे बी मेड पर्मनंट’. मी गोंधळले. ‘विल’ म्हणजे होणार, हे पाठ होतं. पण बाईंनी शिकवलेला ‘मे’ वर्गात यायची परवानगी मागायचा. मग हा कसला?

"कायम करणार का न्हाई, तेवढं सांग," आप्पा म्हणाले. त्यांच्या घामेजल्या बोटांनी पाकीट ओलं झालं होतं. आई भाकरी थापायची थांबली होती.

"करणार," मी म्हणाले.

आप्पांनी शेळ्या विकून सणसवाडीत खोली घेतली. सहा महिन्यांनी त्यांना कामावरून कमी केलं. मी रडतरडत खरं काय ते सांगितलं, तर ते हसले.

"आगं, करतील बी न्हाई बी, आसं म्हणाली असतीस तर मी गावातनं हाललोच नसतो."

पुढं ते शेजारच्याच कारखान्यात लागले आणि तिथं कायम झाले.

मी चुकीचं सांगितलं म्हणून आमचं बरं झालं. याचा आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची, मला अजून कळलेलं नाही.