बशीरभाईंचा दाणा

बशीरभाई मुलाणी आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कप हातात घेण्याआधी त्यांनी साखरेचा डबा मागितला. चिमूटभर साखर अंगठ्यात आणि तर्जनीत चोळली, तळहातावर पसरून खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "गुरुजी, साखर आपल्याच कारखान्याची हाय. पण माझ्या पाळीची न्हाय. हा दाणा घाईचा हाय." मग चहा प्यायले.

ते कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटून ज्या बंद हंड्यात त्याची साखर होते, तो हंडा म्हणजे पॅन. आत दाणा धरू लागला की नाही, हे पॅनमनने ओळखायचे. बशीरभाई थेंबभर पाक काचेच्या पट्टीवर घेत, दिव्यासमोर धरत आणि मान हलवत. ती मान सहसा चुकत नसे.

ही सवय कारखान्याच्या फाटकाबाहेरही त्यांच्याबरोबर येई. पुतणीला सांगून आलेल्या कळंबच्या मुलाविषयी त्यांचे मत होते, "पोरगं बरं हाय, पण पातळ हाय. दाणा धरायला दोन वर्सं जातील." माझे पुस्तकांचे कपाट पाहून ते एकदा म्हणाले, "एवढा रस आटवलाय तुमी गुरुजी, दाणा कुठं ठिवलाय?" मी कपाटाचे दार लावून घेतले.

नव्वदचे दशक संपत आले होते आणि रमजान ईद ऐन गळीत हंगामात येत होती. अशाच एका ईदेच्या महिनाभर आधी त्यांच्या बायकोला, रशिदाभाभींना, मधुमेह निघाला. बारामतीच्या डॉक्टरांनी रोजे बंद केले, साखर, शेवया आणि खारीकही बंद केली.

"म्हंजे शिरखुर्म्यातलं ऱ्हायलं काय? दूध," भाभी म्हणाल्या. "ते तर रोजच पिते की."

खरी अडचण वेगळी होती. लग्नापासून त्यांच्या घरात एक रीत होती. ईदेची नमाज पढून आले की बशीरभाई पहिला गोड घास भाभींना देत आणि मगच स्वतः खात. त्या वर्षी भाभींनी सांगून टाकले, "तुमी खावा. माझ्यापायी सण बुडवू नका." बशीरभाई म्हणाले, "तू न्हाय तर मी बी न्हाय." दोघेही शब्दाला पक्के. त्या घरात ईद बिनगोडाची जाणार, हे ठरल्यासारखेच होते.

बशीरभाई माझ्याकडे आले. "एवढी पुस्तकं वाचता, बिनसाखरेचं गोड कुठं लिवलंय का बघा." मी बारामतीच्या वाचनालयात दोन दिवस बसलो. एका इंग्रजी मासिकात मधुमेह्यांसाठी चॉकलेटची कृती सापडली. कोको, तूप, खोबरे आणि सॅकरीनच्या गोळ्या. साखर नाही, पीठ नाही. मी ती मराठीत उतरवून दिली.

शेवटच्या रोज्याच्या दिवशी सकाळी त्यांनी पातेले चुलीवर ठेवले. उपास असल्यामुळे त्यांना चव घेता येत नव्हती. "जीभ तुमची, डोळं माझं," ते मला म्हणाले. कोको विरघळला, खोबरे पडले, गोळ्या पडल्या. कागदावर लिहिले होते, पाच मिनिटांत उतरवा. बशीरभाई उतरवेनात. थेंब काचेवर घ्यायचे, उजेडात धरायचे आणि मान हलवायचे.

अर्धा तास झाला. मी कागद पुढे केला.

"गुरुजी, लिवणाऱ्यानं कधी पाळी केलीय का? अजून दाणा धरला न्हाय."

तास झाला. तूप वर आले, खाली काळा गाळ बसला. मी बोट लावून चाखले.

"कसं हाय?"

"औषधी आहे," मी म्हणालो.

भाभी दारात गहू निवडत बसल्या होत्या. सुपावरची नजर न काढता त्यांनी विचारले, "अवो, त्यात साखर हाय का?"

"न्हाय. तुझ्यासाठीच तर न्हाय."

"मग दाणा कशाचा धरायचा?"

बशीरभाईंनी हातातली काच पाहिली, पातेले पाहिले आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. तास-दीड तास शेजारी उभा राहून हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. मी कागदाची घडी घालू लागलो.

भाभी उठल्या. "सरका दोघं बी." डब्यात उरलेला कोको त्यांनी तूप, खोबरे, गोळ्या घालून नव्याने चढवला, पाच मिनिटांत उतरवला आणि भाजलेले शेंगदाणे भरडून मूठमूठ आत टाकले. "दाणाच पायजे व्हता ना? घ्या. कन्हेरी गावचा हाय, माझ्या भावाच्या रानातला." थाळीत थापलेले ते काळे मिश्रण थंडीने सकाळपर्यंत घट्ट झाले.

ईदेच्या सकाळी मी तिथेच होतो. बशीरभाई नमाजेहून आले, टोपी न काढताच त्यांनी एक वडी भाभींपुढे धरली. भाभी बराच वेळ चावत राहिल्या. बशीरभाई पॅनसमोर उभे राहावेत तसे उभे होते.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. "पण दुसरी द्या."

मग ते खाली बसले आणि त्यांनी स्वतः वडी घेतली. ती आधी खिडकीत धरून पाहिली, हे सांगायला नकोच. पुढे दर ईदेला शिरखुर्म्याशेजारी काळ्या वड्यांची थाळी असे.

बशीरभाई यंदा थंडीच्या दिवसांत गेले. ईदेला मी त्यांच्या घरी गेलो. भाभींनी थाळी पुढे केली. "शिरखुर्मा केला न्हाय औंदा. ह्याच केल्यात. चव बघायला तवा तुमीच व्हता, पैली तुमी घ्या."

मी वडी उचलली. तोंडात घालण्याआधी ती माझ्या हातून खिडकीकडे कधी गेली, मला समजले नाही.

भाभी बघत होत्या. "धरलाय का दाणा, गुरुजी?"

"धरलाय," मी म्हणालो, आणि त्यांनीही एक वडी घेतली.