वाक्य चुकलंय का, सर?

"द गर्ल हाइड्स, बिकॉज हर फादर ब्रिंग्ज हाइड्स."

सर खिडकीशी उभं राहून हे म्हणाले. बाहेर बोट दाखवून. सगळा वर्ग तिकडं वळला.

फाटकाशी माझे आप्पा उभे होते. सायकलच्या कॅरिअरला कच्च्या कातड्यांची गुंडाळी. वडगावच्या बाजारातनं येताना माझ्यासाठी पेरू घेऊन थांबलेले.

मी नववीत होते. कोल्हापुरातलं नावाजलेलं हायस्कूल. त्या दिवशी सर एकाच इंग्रजी शब्दाचे वेगवेगळे अर्थ शिकवत होते. हाइड म्हणजे लपणं. हाइड म्हणजे जनावराचं कातडं. दोन्ही अर्थ एका वाक्यात बसवा, म्हणाले. मग त्यांना आप्पा दिसले. बाप कातडी आणतो म्हणून पोरगी लपते.

आम्ही ढोर. कातडी कमावणारे. वर्गात मी एकटीच.

पोरं हसली. आप्पांना वाटलं, आपल्याला बघून पोरं खूश झाली. तेही हसले. हात वर केला.

तो वर केलेला हात मला आजही दिसतो.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "काय म्हणत हुतं मास्तर?" मी खरं ते सांगितलं. ते सायकलवर बसले नाहीत. वस्तीपर्यंत ती हातानं ढकलत नेली.

संध्याकाळी नळावर हात घासत बसले. सोडा लावून, मग विटकरीच्या तुकड्यानं. कातडी कमावताना बाभळीच्या सालीचा रंग मुरलेला, तो कसला निघतोय. बोटांतनं रक्त आलं. मी तुकडा ओढून घेतला आणि लांब फेकला. आई चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती.

पुढच्या इंग्रजीच्या तासाला सरांनी सगळ्यांना वाक्यं म्हणायला लावली. माझी पाळी आली. मी उभी राहिले.

"माय फादर वर्क्स विथ हाइड्स. आय डू नॉट हाइड."

माझा बाप कातड्याचं काम करतो. मी लपत नाही.

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "बस खाली."

मी बसले नाही. विचारलं, "वाक्य चुकलंय का, सर?"

त्यांनी खडू उचलला, फळ्याकडं वळले.

"चुकलं नसंल तर माझ्या आप्पांची माफी मागा."

त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. वर्षभर इंग्रजीच्या तासाला मी व्हरांड्यात बसले. आतलं ऐकू येईल तेवढं शिकले. आप्पांनी मला शाबासकी दिली नाही. उलट घाबरले. शाळा सुटंल म्हणाले, कशाला तोंड उघडलंस. मी मॅट्रिक झाले तेव्हाही ते शाळेत आले नाहीत. पुढं मला नोकरी लागायच्या आधीच गेले. त्या फाटकाच्या आत त्यांचं पाऊल कधी पडलंच नाही.

परवा त्याच सरांचा सत्कार झाला. जुने विद्यार्थी रांगेनं पाया पडत होते. माझा नंबर आला. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "तेव्हा गंमत केली होती गं. मनात ठेवू नकोस."

मी म्हटलं, "आप्पा गेले, सर. माफी राहिली."

मागनं कुणीतरी खांदा दाबला. वाक की, म्हणालं, वयस्कर माणूस हाय.

मी वाकले नाही. त्यांच्या वयापुढं नाही, त्यांच्या विद्येपुढं नाही. कुणी उद्धट म्हणो. वाकणार नाही.