कौन्सिलवाल्यांची पाटी

वीस वर्षं एव्हरशाईन सिटीत राहून मी विरारजवळची आगाशी पाहिली नव्हती, हे आधीच कबूल करते. शेवटी योग आणला तो आगाशीच्याच इनासकाकांनी. काका आमच्या बिल्डिंगखाली स्वतःच्या वाडीतली केळी विकतात. मी शाळेत इतिहास शिकवायचे हे कळल्यापासून माझा भाव भलताच वधारला होता.

"मॅडम, माझे पणजोबा इंग्रजांच्या कौन्सिलात होते. गावात आम्हाला कौन्सिलवालेच म्हणतात. कागद आहे घरी, पण इंग्रजीत. वाचून द्याल?"

रविवारी फादर काकांच्या नव्या घराला आशीर्वाद द्यायला येणार होते आणि दाराशेजारी पणजोबांची पाटी लागायची होती. पाटी सातिवलीच्या कारखान्यांच्या वसाहतीत, दगड कोरणाऱ्याकडे तयार होती. ती आणायचं मीच अंगावर घेतलं.

शनिवारी सकाळी स्कूटर काढली. सातिवलीत जायचं तर दहाच्या आत जा, नंतर टेम्पोंमागे धूर खात बसाल. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं झळकत होती: 'पेद्रूबाबा, सदस्य, मुंबई कायदे कौन्सिल'. दगड पायाशी ठेवून रेल्वेचा पूल ओलांडला, सोपारा, नंदाखाल करत आगाशी गाठली. सोपाऱ्यानंतर रस्ता अरुंद होतो पण दोन्हीकडे वाड्या लागतात आणि हवाच बदलते. गाडी नसेल तर विरार पश्चिमेहून बस आहे. बाजारात सुकेळी घ्यायला विसरू नका, वाळवलेली केळी इतकी गोड लागतात हे मला या वयात कळलं.

काकींनी गरम फुगे, म्हणजे तळलेले मैद्याचे गोळे, आणि चहा समोर ठेवला. काकांनी कपाटातून कागद काढला. वर कौन्सिलचं नाव, साल १८८५, मोठा शिक्का. दोन ओळी वाचल्या आणि हातातला फुगा बशीत ठेवला. ताडाच्या झाडांवरचा कर कमी करा, असा पेद्रूबाबांनी जातीने नेऊन दिलेला अर्ज होता तो. खाली शेरा: अर्ज दाखल करून घेतला. बस.

"सदस्य झाल्याची तारीख आहे ना?" काकांनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण बोलले नाही. म्हटलं, "काका, ते सदस्य नव्हते. तेव्हा निवडणूकच नव्हती. गव्हर्नर, त्याचे साहेब, आणि त्यानेच निवडलेले थोडे संस्थानिक, सरदार, शेठ."

काकी त्यांच्या बोलीत काकांना काहीतरी म्हणाल्या. मला निम्मंच समजलं: सगळ्या गावाला आमंत्रण गेलंय. काकांचा चेहरा पाहवत नव्हता.

कागदाची घडी घालत ते म्हणाले, "मग आमच्या झाडांचं आत कोण बोलायचं?"

"कोणीच नाही."

"म्हणून गेले ते." काकांनी पाटी उलटी केली. "मागून कोरी आहे. इकडे लिहून आणाल?"

दुपारी पुन्हा सातिवली. कारागीर म्हणाला, "मॅडम, पीछे पॉलिश नाही हां." म्हटलं, असू दे.

रविवारी फादरांनी पाणी शिंपडलं ते खडबडीत बाजूवर: 'पेद्रूबाबा. कौन्सिलात जागा नव्हती, तरी झाडांसाठी अर्ज घेऊन गेले.' सोनेरी अक्षरं भिंतीकडे गेली. गाव अजून त्यांना कौन्सिलवालेच म्हणतं, आणि काका खुशाल ओ देतात.

घरी येऊन सुकेळी डब्यात भरली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. तीस वर्षं मी मुलांकडून पाठ करून घेतलं की त्या कौन्सिलात कोण कोण बसायचं. 'आत कोण बोलायचं?' हा काकांचा प्रश्न मात्र मी एकाही पेपरात काढला नाही.